आल्प्समधील खिंडी व मार्ग

आल्प्समधील खिंडी व मार्ग : दक्षिण-मध्य यूरोपातील आल्प्स पर्वतसंहती ओलांडून जाणाऱ्या वाटा, घाटरस्ते, लोहमार्ग व बोगदे. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यापासून व्हिएन्नाच्या परिसरापर्यंत सु. १,२०० किमी. लांबीच्या कमानीसारखी पसरलेली ही पर्वतसंहती फ्रान्स, मोनॅको, इटली, स्वित्झर्लंड, लिख्टेनश्टाइन, जर्मनी, ऑस्ट्रिया व स्लोव्हेनिया या आठ देशांत विभागली आहे. इटलीतील पो नदीचे मैदान आणि उत्तर व पश्चिम यूरोप यांच्यामध्ये ती उभी असल्याने तिला यूरोपची तटबंदी म्हणण्याची प्रथा आहे. तथापि ऐतिहासिक दृष्ट्या हे वर्णन अपुरे ठरते. आल्प्सने लोकांना वेगळे केले, त्यापेक्षा अधिक काळ जोडलेले ठेवले. पर्वताचा माथा म्हणजे दोन देशांमधील सीमा ही कल्पना मुख्यतः गेल्या तीन शतकांतील असून तत्पूर्वी खिंडीच्या दोन्ही अंगांच्या दऱ्या बहुधा एकाच समाजाच्या व अनेकदा एकाच सत्तेच्या ताब्यात असत. खिंडींचा इतिहास हा या दोन कल्पनांमधील संघर्षाचा इतिहास होय.

भूरचना : आफ्रिकेकडील व यूरोपीय भूपट्ट परस्परांच्या दिशेने सरकल्यामुळे त्यांच्या दरम्यानच्या टेथिस समुद्रात साचलेले अवसाद व त्यांच्या तळचे प्राचीन खडक दाबले जाऊन उचलले गेले. ही क्रिया मुख्यतः तृतीय कल्पात घडली. खडकांना केवळ वळ्या पडल्या असे नव्हे, तर त्यांचे प्रचंड थर कित्येक किलोमीटर अंतरापर्यंत एकमेकांवर ढकलले गेले. मॅटरहॉर्न (४,४७८ मी.) या सुप्रसिद्ध शिखराचा वरचा भाग आफ्रिकेकडील भूपट्टाच्या खडकांचा आहे. सर्वोच्च शिखर माँ ब्लां याची उंची माथ्यावरील हिमाच्या जाडीनुसार थोडीफार बदलते, ती सु. ४,८०८ मी. मानण्यात येते. कॉन्स्टन्स सरोवरापासून श्प्ल्यूगेन खिंडीतून कोमो सरोवरापर्यंत कल्पिलेल्या रेषेने आल्प्सचे पश्चिम व पूर्व असे दोन भाग करतात. पश्चिम आल्प्स अरुंद पण अधिक उंच, तर पूर्व आल्प्स रुंद व तुलनेने कमी उंचीचे आहेत. पूर्व भागात ४,००० मी. पेक्षा उंच असे पिट्स बेर्नीना (४,०४९ मी.) हे एकच शिखर आहे.

खिंडींच्या दृष्टीने शिखरांच्या उंचीपेक्षा दऱ्यांची रचना अधिक महत्त्वाची ठरते. हिमयुगांत हिमनद्यांनी दऱ्या खोल व रुंद कोरल्या; त्यामुळे पर्वताच्या अगदी गाभ्यापर्यंत सपाट तळाच्या वाटा तयार झाल्या. परस्परविरुद्ध दिशांनी वाहणाऱ्या दोन नद्यांची उगमस्थाने जेथे एकमेकींच्या पाठीशी येतात, तेथे एकच चढ व एकच उतार यांनी संपूर्ण पर्वत ओलांडता येतो. ब्रेनर (सु. १,३७० मी.) आणि सेंट गॉटहार्ड (सु. २,१०६ मी.) या खिंडींचे महत्त्व यातच आहे. अन्यत्र प्रवाशाला लागोपाठ दोन रांगा चढाव्या लागतात. पश्चिमेकडे माँझनेव्ह्र (सु. १,८५० मी.), माँ सनी (सु. २,०८० मी.), लहान सेंट बर्नार्ड (२,१८८ मी.), थोरली सेंट बर्नार्ड (२,४६९ मी.) व सिंप्लॉन (सु. २,००५ मी.) या खिंडी प्रमुख आहेत. गॉटहार्डच्या परिसरात ऱ्हाईन, ऱ्होन, रॉइस व तिचीनो या नद्यांचे उगम असून त्यांचे पाणी उत्तर समुद्र, भूमध्य समुद्र व एड्रिॲटिक समुद्र अशा तीन समुद्रांना मिळते.

प्राचीन काळ : आल्प्समधील उंच वाटा इतिहासपूर्व काळापासून वापरात आहेत. १९ सप्टेंबर १९९१ रोजी ओट्झताल आल्प्समध्ये सु. ३,२१० मी. उंचीवर हिमात टिकून राहिलेले एका पुरुषाचे शव सापडले. तो सु. ५,३०० वर्षांपूर्वीचा असून त्याच्यासोबत तांब्याची कुऱ्हाड, धनुष्य व बाण होते. तो बाण लागून मरण पावला, असे पुढील तपासणीत निष्पन्न झाले. बर्न आल्प्समधील श्निडेयोख या सु. २,७५० मी. उंचीच्या खिंडीत २००३ च्या कडक उन्हाळ्यानंतर हिम वितळून नवाश्मयुग, ब्राँझयुग व रोमन काळ अशा निरनिराळ्या कालखंडांतील वस्तू उघड्या पडल्या. मधल्या काही कालखंडांतील वस्तू तेथे आढळत नाहीत. हिमनदी वाढली की वाट बंद होई व ती मागे हटली की पुन्हा सुरू होई, असा त्याचा अर्थ लावण्यात येतो.

कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने इ. स. पू. २१८ मध्ये हत्तींसह आल्प्स ओलांडून इटलीवर स्वारी केली. पॉलिबिअस व लिव्ही या इतिहासकारांनी तिचे वर्णन केले असले, तरी तो नेमक्या कोणत्या खिंडीतून गेला याविषयी विद्वानांत एकमत नाही. पर्वताने त्याचे सैन्य अडविले नाही. मात्र थंडी, उपासमार व पहाडी जमातींचे हल्ले यांत त्याच्या सैन्याचा मोठा भाग नष्ट झाला. ऑगस्टसच्या कारकीर्दीत रोमनांनी आल्प्स पद्धतशीरपणे जिंकला. इ. स. पू. २५ मध्ये सालासी जमातीचा पाडाव करून त्यांनी आजचे आओस्ता हे नगर वसविले, तर इ. स. पू. १५ मध्ये ड्रूसस व टायबीरिअस या बंधूंनी मध्य व पूर्व आल्प्समधील जमातींना नमविले. मोनॅकोजवळील ला त्यूर्बी येथील विजयस्तंभावर जिंकलेल्या ४५ जमातींची नावे कोरलेली होती. कॉटिअस या स्थानिक राजाने मात्र रोमशी तह करून आपली सत्ता रोमच्या अधिकाराखाली टिकविली. त्याचे नाव आल्प्सच्या एका भागाला आजही आहे. रोमनांनी खिंडींतून रस्ते बांधले, मुक्कामाची ठाणी उभारली व थोरल्या सेंट बर्नार्ड खिंडीत ज्युपिटरचे मंदिर बांधले. त्यांच्या दृष्टीने आल्प्स ही सीमा नव्हती. साम्राज्याच्या दोन भागांमधील तो एक अवघड प्रांत होता.

मध्ययुग : रोमन साम्राज्याच्या ऱ्हासानंतर रस्ते मोडकळीस आले, तरी रहदारी थांबली नाही. रोमला जाणारे यात्रेकरू, धर्माधिकारी, व्यापारी व सम्राटांची सैन्ये यांना खिंडी ओलांडणे भाग होते. कँटरबरीचा नवनियुक्त आर्चबिशप एल्फसिजे हा ९५९ मध्ये रोमच्या वाटेवर आल्प्समध्ये थंडीने गारठून मरण पावला. क्लूनीच्या मठाचा अधिपती मेयोल यास ९७२ मध्ये थोरल्या सेंट बर्नार्डच्या मार्गावर सॅरासेनांनी पकडले व खंडणी घेऊन सोडले. अशा आपत्तींच्या पार्श्वभूमीवर अकराव्या शतकाच्या मध्यास आओस्ताचा धर्माधिकारी बर्नार्ड याने त्या खिंडीत धर्मशाळा स्थापन केली. तेथील साधू हिमवादळात सापडलेल्या वाटसरूंचा शोध घेत. त्यांनी पाळलेले कुत्रे पुढे खिंडीच्याच नावाने जगप्रसिद्ध झाले. जानेवारी १०७७ मध्ये पोपने बहिष्कृत केलेला जर्मन राजा चौथा हेन्री हा राणी व बालपुत्रासह माँ सनी खिंडीतून कनॉसास गेला. गोठलेल्या उतारावरून राणीला बैलाच्या कातड्यावर बसवून खाली उतरविले, असे समकालीन वृत्तांतकाराने नोंदविले आहे.

गॉटहार्डची खिंड दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. तिच्या उत्तरेस रॉइस नदीची श्यॉलेनेन घळ आहे. तिच्या उभ्या कड्यांमुळे मोठ्या रहदारीस तेथून वाट नव्हती. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात या घळीत पूल व कड्याला टांगलेली लाकडी वाट बांधण्यात आली आणि मिलान ते ऱ्हाईन खोरे हे अंतर एकाएकी कमी झाले. खिंडीच्या तोंडाशी असलेल्या ऊरीच्या दरीला १२३१ मध्ये थेट साम्राज्याच्या अधिकाराखाली असल्याची सनद मिळाली, १२४० मध्ये श्वित्सला तशीच सनद मिळाली आणि १२९१ मध्ये ऊरी, श्वित्स व उंटरव्हाल्डेन या दऱ्यांनी परस्परसंरक्षणाचा करार केला. स्विस संघराज्याचा प्रारंभ या करारापासून मानतात. गॉटहार्ड हे त्याचे एकमेव कारण नव्हे; परंतु खिंडीवरील जकात व मालवाहतूक यांमुळे या लहानशा दऱ्यांना राजकीय महत्त्व आले, यात शंका नाही.

मालवाहतूक ही दऱ्यांतील गावांच्या हाती होती. खेचरांवर माल लादून नेणाऱ्यांच्या संघटना होत्या व प्रत्येक संघटनेचा मार्गावरील टप्पा ठरलेला असे. टप्प्याच्या शेवटी वखार असे. तेथे माल उतरवून तो पुढील गावच्या वाहतूकदारांच्या स्वाधीन करीत. वाट दुरुस्त ठेवणे व हिवाळ्यात हिम तुडवून ती मोकळी करणे ही कामेही त्यांच्याकडे असत. १४७३ मध्ये टूसिस, कात्सिस व माझाइन या गावांनी करार करून व्हिया माला या भयंकर घळीतील रस्ता स्वतः बांधण्याचे ठरविले. व्यापाऱ्यांना टप्प्याटप्प्याचा विलंब व खर्च जाचक वाटे. दऱ्यांतील शेतकऱ्यांना मात्र तुटपुंज्या शेतीला आधार देणारे हे रोख उत्पन्नाचे मुख्य साधन होते.

अशा परिस्थितीत खिंडीच्या दोन्ही बाजूंवर सत्ता असणारी राज्ये उदयास आली. सव्हॉय, टिरोल व स्विस संघराज्य ही त्यांची ठळक उदाहरणे होत. ब्रियांसाँच्या परिसरातील गावांनी १३४३ मध्ये दोफिने प्रांताचा अधिपती दुसरा अंबेअर याच्याकडून स्वशासनाची सनद मिळविली. एस्कार्ताँ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पाच गावसमूहांपैकी दोन माथ्याच्या फ्रेंच बाजूस व तीन इटालियन बाजूस होते. माँझनेव्ह्र खिंड त्यांना विभागत नव्हती. ती त्यांच्या मध्यभागी होती.

माथ्यावरील सीमा : १७१३ च्या उत्रेक्त तहाने ही स्थिती बदलली. पाणी ज्या बाजूस वाहते त्या बाजूचा प्रदेश त्या राज्याचा, या तत्त्वाने फ्रान्स व सव्हॉय यांची सरहद्द जलविभाजकावर नेण्यात आली. एस्कार्ताँमधील तीन गावसमूह सव्हॉयकडे गेले, तर बार्सेलोनेत दरी फ्रान्सला मिळाली. नकाशावर स्पष्ट दिसणारी व लष्करी दृष्ट्या सोयीची अशी ही रेषा होती. पण बाजार, विवाहसंबंध व चराऊ कुरणे यांनी शतकानुशतके जोडलेल्या गावांच्या मधून ती गेली.

याच तत्त्वाचा सर्वांत कठोर वापर पहिल्या महायुद्धानंतर झाला. १९१९ च्या सेंट जर्मेन तहाने ऑस्ट्रिया व इटली यांची सीमा ब्रेनर खिंडीवर आणली आणि टिरोलचे दोन तुकडे झाले. दक्षिणेकडील जर्मन भाषक बहुसंख्य असलेला प्रदेश इटलीत गेला. फॅसिस्ट राजवटीत तेथील शाळांतून जर्मन भाषा काढून टाकण्यात आली व गावांची नावे बदलली गेली. १९३९ मध्ये हिटलर व मुसोलिनी यांच्या सरकारांनी केलेल्या समझोत्याने या लोकांपुढे भाषा व राष्ट्रीयत्व टिकविण्यासाठी गाव सोडणे किंवा गावात राहून ती गमावणे, असे दोनच पर्याय ठेवले. १९४६ चा ऑस्ट्रिया-इटली करार व १९७२ चा स्वायत्ततेचा कायदा यांनंतर परिस्थिती हळूहळू निवळली. १९९८ मध्ये ब्रेनरवरील नियमित सीमातपासणी बंद झाली. ओट्झतालमधील शव सीमेपासून केवळ सु. ९३ मी. आत, इटलीच्या हद्दीत आढळल्याचे मोजणीअंती ठरले आणि ते इटलीकडे गेले. आज ते बोल्झानो येथील संग्रहालयात आहे. हयातीत त्या वाटसरूला अशी कोणतीही सीमा माहीत असण्याचा संभव नव्हता.

घाटरस्ते व लोहमार्ग : नेपोलियनने मे १८०० मध्ये थोरल्या सेंट बर्नार्ड खिंडीतून सैन्य नेऊन १४ जून रोजी मारेंगोची लढाई जिंकली. तोफा नेण्यास योग्य रस्त्याची गरज त्याला तेव्हा तीव्रतेने जाणवली. त्याच्या आज्ञेने १८०१–०५ या काळात सिंप्लॉनचा घाटरस्ता बांधण्यात आला. ऑस्ट्रियाने १८२०–२५ मध्ये श्टेल्व्हिओ (२,७५७ मी.) हा त्याहून उंच रस्ता तयार केला. गाड्यांच्या रस्त्यांमुळे खेचरवाल्यांच्या टप्प्यांची जुनी व्यवस्था मोडली.

कार्ल फोन गेगा याने बांधलेला सेमरिंग लोहमार्ग (१८४८–५४) हा आल्प्समधील पहिला मोठा घाट-लोहमार्ग होय. १८६७ मध्ये ब्रेनरवरून आगगाडी धावू लागली. माँ सनीच्या मार्गावरील फ्रेझ्यूस बोगद्याचे काम १८५७ मध्ये सुरू झाले. झेर्मां सोमेये या अभियंत्याने तेथे दाबयुक्त हवेवर चालणारी छिद्रणयंत्रे वापरून कामाचा वेग वाढविला व सप्टेंबर १८७१ मध्ये बोगदा खुला झाला. भारताच्या दृष्टीनेही या घटनेस महत्त्व आहे. लंडनहून मुंबईस येणारे टपाल त्यानंतर फ्रान्समधून या बोगद्यातून आगगाडीने इटलीच्या दक्षिण टोकाजवळील ब्रिंदिसी बंदरास जाई व तेथून सुएझमार्गे बोटीने मुंबईस पोहोचे. मुंबईतील पेढ्या व सरकारी कचेऱ्या ज्या साप्ताहिक टपालाची वाट पाहत, त्याचा वेग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत काही अंशी आल्प्समधील या बोगद्यावर अवलंबून होता.

सु. १५ किमी. लांबीचा गॉटहार्ड बोगदा १८७२–८२ मध्ये खोदण्यात आला. जिनीव्हाचा कंत्राटदार लुई फाव्ह्र याने अतिशय कडक अटींवर हे काम घेतले होते. १८७९ मध्ये तो बोगद्यातच मरण पावला. मजूर बहुसंख्येने इटालियन होते. उष्णता, धूर, पाण्याचे लोट व दरडी यांत काम करणाऱ्या या लोकांनी १८७५ मध्ये गॉशेनेन येथे संप केला, तेव्हा झालेल्या गोळीबारात चार जण ठार झाले. अपघातांत सु. २०० मजूर दगावले. त्याखेरीज अंकुशकृमींमुळे होणाऱ्या पांडुरोगाने असंख्य मजुरांची प्रकृती कायमची खालावली. या रोगाचा सखोल अभ्यास याच बोगद्यातील मजुरांमुळे होऊ शकला. १९०६ मध्ये सु. १९.८ किमी. लांबीचा सिंप्लॉन बोगदा सुरू झाला.

मोटारवाहतूक व दऱ्यांतील लोक : थोरली सेंट बर्नार्ड (१९६४), माँ ब्लां (१९६५), फ्रेझ्यूस व गॉटहार्ड (१९८०) या रस्त्यांच्या बोगद्यांमुळे बारमाही मोटारवाहतूक शक्य झाली. ब्रेनरच्या मार्गावर १९६३ मध्ये यूरोपा पूल बांधण्यात आला. पूर्वी खिंडीतील रहदारी दऱ्यांतील लोकांना उत्पन्न देई. आता तीच रहदारी न थांबता निघून जाते व मागे धूर आणि आवाज ठेवते. अरुंद दऱ्यांत हिवाळ्यात थंड हवा तळाशी साचून राहत असल्याने प्रदूषण लवकर विरत नाही. २४ मार्च १९९९ रोजी माँ ब्लां बोगद्यात लागलेल्या आगीत ३९ व ऑक्टोबर २००१ मध्ये गॉटहार्डच्या रस्ता-बोगद्यातील आगीत ११ जण मृत्युमुखी पडले.

स्वित्झर्लंडमध्ये फेब्रुवारी १९९४ च्या सार्वमताने परदेशी पारगमन माल रस्त्यावरून लोहमार्गावर नेण्याचे तत्त्व संविधानात समाविष्ट झाले. त्यास अनुसरून लच्बेर्ग (२००७, ३४.६ किमी.), गॉटहार्ड (२०१६, ५७ किमी.) व चेनेरी (२०२०, १५.४ किमी.) हे पायथ्याचे बोगदे पूर्ण झाले. गॉटहार्डच्या नव्या बोगद्यातील सर्वोच्च बिंदू समुद्रसपाटीपासून केवळ ५४९ मी. उंचीवर आहे, म्हणजे आगगाडीपुरता हा पर्वत जवळजवळ सपाट झाला आहे. त्याच्या बांधकामात नऊ कामगार मृत्यू पावले. स्विस आल्प्स ओलांडणाऱ्या मालमोटारींच्या वार्षिक फेऱ्या २००० साली सु. १४ लाख होत्या. त्या पुढे १० लाखांच्या खाली आल्या, तरी कायद्याने ठरविलेले ६.५ लाखांचे उद्दिष्ट साध्य झालेले नाही. ब्रेनरवरून मात्र वर्षाला २० लाखांहून अधिक मालमोटारी जातात. टिरोलने त्यांवर घातलेल्या निर्बंधांविरुद्ध इटलीने २०२४ मध्ये यूरोपीय संघाच्या न्यायालयात दावा दाखल केला. ब्रेनरचा ५५ किमी. लांबीचा व लीआँ-तूरिन मार्गावरील ५७.५ किमी. लांबीचा बोगदा यांचे काम चालू आहे. १९९१ च्या आल्प्स कराराखाली संबंधित देश एकत्र आले असून त्याच्या वाहतूकविषयक मसुद्यात आल्प्सपार वाहतुकीसाठी नवे मोठे रस्ते न बांधण्याचे तत्त्व आहे. माल कोणाचा व त्रास कोणाला, हा मध्ययुगीन वखारींच्या काळातील प्रश्न अशा रीतीने नव्या स्वरूपात पुढे आला आहे.

हिमाची माघार : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आल्प्समधील हिमनद्या मागे हटत असून अलीकडे हा वेग फार वाढला आहे. २०२२ व २०२३ या दोनच वर्षांत स्विस हिमनद्यांनी आपल्या घनफळाचा सु. एक-दशांश भाग गमावला. सप्टेंबर २०२२ मध्ये त्सांफ्ल्यूराँ खिंडीतील जमीन उघडी पडली; ती निदान रोमन काळापासून हिमाखाली होती. खडकांना धरून ठेवणारे कायम गोठलेले पाणी वितळू लागल्याने दरडींचा धोका वाढला आहे. २८ मे २०२५ रोजी लच दरीतील ब्लाटन हे गाव बिर्च हिमनदीसह कोसळलेल्या कड्याखाली जवळजवळ पूर्णपणे गाडले गेले. सु. ३०० रहिवाशांना काही दिवस आधीच हलविल्याने मोठी प्राणहानी टळली. तरीही एका व्यक्तीचा बळी गेला.

जलविभाजकावर आखलेल्या सीमाही या बदलातून सुटलेल्या नाहीत. हिमाच्छादित भागात जलविभाजक हिमाच्या पृष्ठभागावरून मोजला जातो. हिम वितळले की तो सरकतो. यामुळे इटलीने प्रथम ऑस्ट्रियाशी व नंतर स्वित्झर्लंडशी सीमा पुन्हा ठरविण्याची बोलणी केली. मॅटरहॉर्नच्या परिसरातील सीमाबदलास स्वित्झर्लंडने २०२४ मध्ये मान्यता दिली. पर्वताचा माथा ही निसर्गाने आखून दिलेली अढळ रेषा आहे, हे उत्रेक्तपासून गृहीत धरलेले तत्त्व असे खुद्द निसर्गानेच शिथिल केले आहे. आल्प्सच्या इतिहासात स्थिर राहिले ते सीमेपेक्षा खिंडीचे स्थान आणि तिच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्या लोकांचे परस्परावलंबन होय.